तेल-गॅसच्या विहिरी बंद झाल्यावर त्या जमिनीचं पुढे काय होतं? (अल्बर्टाचा अनुभव, आणि आपल्याकडचं काय?)

मातीवाला

माझं काम काय ते फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. मी कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात असतो, मूळचा अकोल्याचा, शेतकीचं शिक्षण तिथलंच. इथे तेलाची किंवा गॅसची विहीर संपली आणि कंपनीने ती कायमची बुजवली की ती जागा परत पिकाखाली आणायची, आणि ती खरंच आली का हे माती खणून आणि पीक बघून तपासायचं, हे आमचं काम.

१९४७ च्या फेब्रुवारीत एडमंटनच्या दक्षिणेला लेडुकला तेलाचा मोठा साठा लागला आणि तिथून या प्रांताचं सगळंच बदललं. आजवर इथे ४ लाखांहून जास्त विहिरी खणल्या गेल्यात. एकेका विहिरीच्या जागेला एक-दीड हेक्टर जातं, म्हणजे तीनेक एकर, शिवाय तिथवर जायचा खडीचा रस्ता वेगळा. १६० एकरांच्या तुकड्यात तीन एकर म्हणजे फार नाही असं वाटेल, पण ती जागा बहुतेकदा शेताच्या मधोमध असते, इथली पेरणीची यंत्रं प्रचंड रुंद, त्यांना दरवेळी वळसा घालावा लागतो, कडेला दुहेरी पेरा होतो, कोपऱ्यात तण माजतं आणि तेच तण मग सगळ्या शेतात पसरतं.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. जमीन शेतकऱ्याची असली तरी खालचं तेल बहुतेक ठिकाणी सरकारचं असतं आणि सरकार ते काढायचा हक्क कंपनीला देतं. कंपनी शेतकऱ्याबरोबर सरफेस लीज करते, दरवर्षी भाडं देते. शेतकरी नाही म्हणाला तरी कंपनी न्यायाधिकरणाकडून आत शिरायचा आदेश मिळवू शकते. म्हणजे विहीर आपल्या शेतात यावी की नाही हे त्याच्या हातात जवळजवळ नसतंच, आणि ती गेल्यावर जे मागे उरतं ते मात्र त्याच्या पदरात पडतं.

इतक्या जागा बघून माझं मत पक्कं झालंय की जमीन परत मिळणार की नाही हे विहीर खणायला घेतली त्याच दिवशी ठरतं. वरची काळी माती वेगळी काढून ठेवली का, आणि शेवटचं काम करायचे पैसे तेव्हाच बाजूला काढले का. या दोन गोष्टी झाल्या नसतील तर नंतर आम्ही कितीही राबलो तरी काम अर्धवटच राहतं. यावर आपल्याकडच्या लोकांचं काय म्हणणं आहे ते वाचायला आवडेल, विशेषतः गुजरात आणि आसाममध्ये या क्षेत्रात काम केलेल्यांचं.

गोदाकाठ

छान विषय. पण एक प्राथमिक शंका, विहिरीत सिमेंट ओतलं, वरून माती टाकली, झालं असं का होत नाही? एवढं तपासण्यासारखं काय असतं त्यात?

मातीवाला

गोदाकाठ, शंका बरोबर आहे, कारण बरेच लोक तिथेच थांबतात.

विहीर बुजवणं हे इंजिनियरचं काम आणि त्याची पद्धत ठरलेली आहे. जिथून तेल किंवा गॅस येत होता त्या थराच्या वर पोलादी पाइपात एक पक्का प्लग बसवतात, त्यावर किमान ८ मीटर सिमेंट. गोड्या पाण्याचे थर खालच्या खाऱ्या पाण्यापासून आणि गॅसपासून वेगळे राहतात का ते बघतात, नसतील तर पाइपला भोकं पाडून बाहेरच्या पोकळीत सिमेंट दाबतात. मग गॅस गळतोय का याची परीक्षा. ती पास झाली की जमिनीखाली मीटरभरावर पाइप कापून झाकण लावतात. इथून पुढे वर घर बांधायचं असेल तर त्या बिंदूपासून ५ मीटर लांब बांधावं लागतं. गॅस गळत असेल तर तो शोधून थांबवणं खूप खर्चिक, पण ते सोडलं तर हे काम काही दिवसांत उरकतं.

माती हा वेगळाच प्रकार आहे. इथली प्रेअरीची, म्हणजे सपाट गवताळ मैदानांची, काळी माती हजारो वर्षं गवताची मुळं कुजून झालेली. वरचा काळा थर कुठे वीतभर तर कुठे हातभर, त्याखाली तपकिरी, त्याखाली फिकट चिकणमाती. चांगल्या कंपनीने खणताना काळी माती एका ढिगात आणि खालची दुसऱ्या ढिगात ठेवलेली असते, मग शेवटी खालची खाली आणि वरची वर असं परत बसवता येतं. जुन्या विहिरींच्या वेळी सगळं एकत्र ढकललेलं. चुन्याची फिकट चिकणमाती वर आलेली, काळी खाली गाडलेली. ती परत वेगळी करता येत नाही. बाहेरून माती आणून टाकायची तर ती कुणाच्या तरी दुसऱ्या शेतातूनच येणार ना, आणि त्याबरोबर रोगही येतो. इथे कॅनोला या तेलबियांच्या पिकावर क्लबरूट नावाचा मुळांचा रोग २००३ पासून पसरलाय, तो मातीतून जातो, त्यामुळे एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना यंत्रं धुवून न्यावी लागतात.

त्यातून माती ठीक असली तरी ती दबलेली असते. पन्नास-साठ टनांच्या गाड्या वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या. वरून नांगरलं की भुसभुशीत दिसते, पण फूटभर खाली सळई जात नाही, मुळं तिथे आडवी वळतात. पावसाळी वर्षात पीक सगळीकडे सारखं दिसतं, आणि कोरडं वर्ष आलं की त्या चौकोनातलं पीक आधी पिवळं पडतं. म्हणून आम्ही कोरड्या वर्षाचं पीक बघितल्याशिवाय शेतकऱ्याला झालं असं सांगू नये या मताचे आहोत. दबलेला थर खोल फाळाने फोडायचा, तोही माती कोरडी असताना. ओल्या मातीत फाळ घातला तर ती तुटत नाही, नुसती चिरते आणि फाळाच्या कडेने आणखी दाबली जाते. इथे जमीन सुटी असते मे ते सप्टेंबर, त्यातले कोरडे आठवडे किती आणि त्याच आठवड्यांत प्रत्येक कंत्राटदाराला यंत्रं हवी असतात.

शिरोळकर

मातीवाला दादा, तुमचं वाचून आमच्याकडचंच वाटायला लागलं बघा. फक्त आमच्याकडं तेल नाही, ऊस आहे. पाणी पाजून पाजून पंचगंगा-कृष्णेच्या काठची जमीन क्षारपड झाली, काही ठिकाणी चोपण झाली. वरनं पांढरा थर, ओली असली की गिळगिळीत, वाळली की कुदळ चालत नाही. मला एक विचारायचंय, त्या तेलाबरोबर खारं पाणी येतंय म्हणतात ते खरं का? आणि ते जमिनीवर सांडलं तर तुम्ही जिप्सम घालता का?

मातीवाला

शिरोळकर, तुम्ही नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंत. लोक तेलाच्या काळ्या डागाला घाबरतात, मला त्या खाऱ्या पाण्याची जास्त भीती वाटते. तेल मातीतले जीवाणू हळूहळू खातात तरी. मीठ कोणी खात नाही.

तेलाच्या थरात प्राचीन समुद्राचं पाणी अडकलेलं असतं, ते तेलाबरोबर वर येतं, कितीतरी ठिकाणी आजच्या समुद्रापेक्षा खूपच खारट. विहीर म्हातारी होत जाते तसं तेल कमी आणि पाणी जास्त. नियमाप्रमाणे ते परत खोल जमिनीत सोडतात, पण ते नेणारे पाइप फुटतात, टाक्या गळतात, आणि जुन्या काळात तर उघड्या खड्ड्यात सोडायचे. त्यातला सोडियम मातीच्या कणांवरच्या कॅल्शियमची जागा घेतो, कण सुटे होतात, भोकं बुजतात, आणि तुम्ही वर्णन केलंत तीच चोपण तयार होते. उपायही तोच, जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला ढकलून बाहेर काढतं. पण बाहेर काढलेला सोडियम खाली धुवून जायला पाणी लागतं आणि ते पाणी निघून जायला वाट लागते. आमच्याकडे दक्षिणेत वर्षाला ३००-४०० मिलिमीटर पाऊस-बर्फ मिळून पडतो. धुणार कशाने? म्हणून बरेचदा शेवटी खारट माती खणून ट्रकने लँडफिलला, म्हणजे कचरा गाडायच्या जागी, नेतात. म्हणजे शेत वाचवायला शेतातली माती फेकून द्यायची. मला हे कधीच पटलेलं नाही पण अनेक जागांवर दुसरा मार्ग सापडत नाही.

शिरोळकर

बरोबर, निचरा नसला तर जिप्सम घालून उपयोग नाही, हे आमच्याकडं लोकांनी पैसे घालवून शिकलंय. पोत्यानं जिप्सम टाकलं, शेणखत टाकलं, धैंचा गाडला, दोन वर्षं बरं दिसलं, परत पांढरं. शिरोळच्या दत्त कारखान्यानं शेतकरी एकत्र आणून जमिनीखालनं सच्छिद्र पाइप टाकून निचऱ्याचं काम केलं, तेव्हा फरक पडला. एकट्यानं पाइप टाकून चालत नाही, कारण आपलं पाणी पुढच्याच्या शेतात जातंय, मग त्यानं कुठं सोडायचं? सगळ्यांनी मिळून चर नाल्याला जोडावा लागतो.

तुमच्याकडं विहीर एका शेतात असली तरी खारं पाणी बांध बघून थांबत नसणार.

मातीवाला

नाहीच थांबत. खालून उताराने सरकत जातं आणि खोलगट जागी वर येतं, कधी शेजारच्या शेतात. म्हणून आम्ही आधी जमिनीची विद्युतवाहकता मोजणारं यंत्र घेऊन सगळा तुकडा फिरतो, जिथे आकडा चढतो, म्हणजे मीठ जास्त, तिथे ड्रिल घालून नमुने काढतो. तुमची एकत्र येण्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. इथे प्रत्येक विहिरीची फाइल वेगळी, कंपनी वेगळी, कंत्राटदार वेगळा, त्यामुळे एकाच ओढ्याला लागून पाच जागा असल्या तरी पाचही जण आपापलं बघतात.

निवृत्त_मेहसाणा

नमस्कार. माझी सगळी नोकरी ओएनजीसीत गेली, बरीचशी उत्तर गुजरातेत मेहसाण्याला. तिथलं तेल जाड, बलोल आणि संथालला तर जमिनीखाली हवा सोडून तेलाचा थोडा भाग पेटवून बाकीचं पातळ करून काढायची पद्धत वापरली आहे. जाड तेल सांडलं की मातीत खोल जात नाही पण वर डांबराचा थर होतो.

आपल्याकडे एक काम मनापासून चांगलं झालं त्याची नोंद इथे व्हायला हवी. तेल खाणाऱ्या जीवाणूंचं मिश्रण, ऑइलझॅपर, टेरी या संस्थेने तयार केलं आणि पुढे ओएनजीसी आणि टेरीने मिळून त्यासाठी कंपनीच काढली. तेलकट गाळ पसरायचा, त्यात हे जीवाणू आणि खत मिसळायचं, ओल ठेवायची, ठराविक दिवसांनी उलटापालट करायची म्हणजे हवा मिळते. आपल्या उन्हात हे झपाट्याने होतं. मातीवाला, तुमच्याकडे अर्धं वर्ष माती गोठलेली, तिथे जीवाणू झोपूनच राहत असतील.

नियमही आहेत. २००५ मध्ये केंद्राने ड्रिलिंगचा कचरा कुठे आणि कसा टाकायचा याची अधिसूचना काढली, खड्ड्याला प्लास्टिकचं अस्तर हवं, काम झाल्यावर जागा पूर्ववत करायची वगैरे. प्रश्न अंमलाचा आणि त्याहून जास्त जमिनीच्या कागदांचा. गुजरातेत विहिरींसाठी जमिनी तात्पुरत्या संपादनाने घेतल्या गेल्या, वर्षाला ठरलेलं भाडं. ते तात्पुरतं वीस-पंचवीस वर्षं चालत राहिलं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात सांगितलं की इतकी वर्षं जमीन तात्पुरत्या नावाखाली ठेवणं मनमानी आहे, लागत असेल तर कायद्याप्रमाणे कायमची घ्या आणि मोबदला द्या. मी त्या संस्थेत आयुष्य काढलं, संस्थेबद्दल मला प्रेम आहे, तरी हा निकाल योग्य आहे असंच म्हणेन.

मैना_पिट्सबर्ग

मी पेनसिल्व्हेनियात राहते. इथे टायटसव्हिलला १८५९ मध्ये ड्रेकने विहीर खणली तिथून अमेरिकेतला तेलधंदा सुरू झाला, त्यामुळे आमच्याकडचा प्रश्न थोडा वेगळा आहे. इथे विहीर कुठे आहे हेच माहीत नसतं! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खणल्या, नोंद नाही, मालक मेला, वर जंगल वाढलं. बंद करताना झाडाचा बुंधा किंवा दगड ठोकून दिलेले. चुंबकीय यंत्र लावलेली हेलिकॉप्टरं आणि ड्रोन फिरवून जमिनीतला लोखंडी पाइप शोधतात, पण दुसऱ्या महायुद्धात लोखंडाला भाव होता म्हणून कितीतरी विहिरींतले पाइप उपटून भंगारात घातले, त्या चुंबकाला दिसतच नाहीत. मग जुने नकाशे, जुने फोटो, गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी. देशभर मिळून ३० लाखांच्या वर सोडून दिलेल्या विहिरी असतील असा सरकारी अंदाज आहे, त्यातल्या बहुतेक नीट बुजवलेल्याच नाहीत. २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात यासाठी ४.७ अब्ज डॉलर ठेवले, मोठी रक्कम आहे, पण एवढ्या विहिरींना ती पुरणार नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या घराजवळच्या टेकडीवर एका जागी पावसानंतर डबक्यात बुडबुडे येतात. मुलांना तिकडे जाऊ देत नाही.

मातीवाला

मैनाताई, त्या बुडबुड्यांबद्दल राज्याच्या पर्यावरण खात्याला नक्की कळवा, कळवल्याशिवाय ती जागा यादीतच येत नाही. आणि तिथे काडी-लायटर अजिबात नको.

वर्धाकाठ

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे कोळसा. ओबीचे, म्हणजे खाणीतून काढलेल्या माती-दगडाचे डोंगर शेतांच्या डोक्यावर उभे आहेत, पावसाळ्यात त्यातला गाळ वाहून शेतात आणि नाल्यात. तुमचा काळी माती वेगळी ठेवायचा मुद्दा वाचून जीव कळवळला, कारण ओबीत काळी माती, मुरूम, दगड सगळं एकजीव झालेलं मी बघितलंय.

पण पैशाच्या बाबतीत कोळशात एक बरी सोय आहे ती सांगतो. २००९ पासून प्रत्येक खाणीला बंद करायचा आराखडा द्यावा लागतो आणि दरवर्षी एस्क्रो, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या, खात्यात पैसे भरावे लागतात, त्यावेळच्या भावाने ओपनकास्टला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगतला १ लाख धरले होते. पैसे कंपनीचे, पण कोळसा नियंत्रकाच्या परवानगीशिवाय काढता येत नाहीत. पुरेसे आहेत का हा वाद आहे, पण खातं तरी आहे. अल्बर्टात असं काही नाही का?

मातीवाला

वर्धाकाठ, इथेच तर सगळं घोडं अडलंय. इथे प्रत्येक विहिरीमागे आधी पैसे भरायची पद्धत नव्हती. अनेक वर्षं असा नियम होता की कंपनीची मालमत्ता तिच्या देण्यापेक्षा जास्त असेल तर अनामत नको. मालमत्ता मोजायची तेलाच्या उत्पादनावरून. भाव चांगला होता तोवर सगळ्या कंपन्या कागदावर श्रीमंत. मोठ्या कंपन्या विहिरीचं चांगलं तेल काढून घ्यायच्या आणि थकलेल्या विहिरी छोट्या कंपन्यांना विकायच्या, छोट्या आणखी छोट्यांना. २०१४ मध्ये भाव कोसळले आणि एकेक दिवाळखोरीत गेली.

रेडवॉटर एनर्जी हे त्यातलं गाजलेलं प्रकरण. २०१५ मध्ये बुडाली. शंभराच्या वर विहिरी आणि इतर जागा, त्यातल्या थोड्याच कामाच्या. दिवाळखोरी बघणाऱ्यांनी म्हटलं, कामाच्या तेवढ्या विकून बँकेचं कर्ज फेडतो, बाकीच्या आम्ही सोडून दिल्या. खालच्या दोन्ही कोर्टांनी ते मान्य केलं! कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१९ ला पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने ते उलटवलं आणि सांगितलं की विहिरी बुजवणं आणि जमीन सुधारणं ही जबाबदारी आधी पार पाडा, बँकेचं नंतर. त्या दिवशी आमच्या ऑफिसात लोक निकालाची प्रत मोठ्याने वाचत होते. कायदा वाचता येत नसलेले माझ्यासारखेही ऐकत बसले.

ज्यांना मालकच उरला नाही त्या विहिरी ऑर्फन वेल असोसिएशनकडे जातात, २००२ पासून ती संस्था स्वतंत्रपणे काम करतेय. तिला कंपन्यांकडून दरवर्षी वर्गणी मिळते, पण ती पुरली नाही म्हणून प्रांताने २०१७ मध्ये २३.५ कोटी डॉलर कर्ज दिलं, मग २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्राने १.७ अब्ज डॉलर जाहीर केले, त्यातले १ अब्ज अल्बर्टाला. ते पैसे फक्त अनाथ विहिरींना नव्हते, जिवंत कंपन्यांच्या पडून असलेल्या विहिरींनाही वापरता आले. मला हे खटकतं. ज्यांनी भरायला हवे होते त्यांचं काम लोकांच्या करातून झालं. कंपनी भाडं देईनाशी झाली की शेतकरी न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो आणि ते भाडंही सरकारी तिजोरीतून जातं. ग्रामीण पालिकांचे थकलेले कर वेगळेच, २५ कोटी डॉलरच्या वर. रस्ते दुरुस्त कोणी करायचे?

आकडेमोड

मी कॅलगरीतच एका तेल कंपनीत नोकरी करतो, आणि मातीवालांचं काम मला माहीत आहे, आदर आहे. पण चित्र एकतर्फी होतंय असं वाटतं. प्रत्येक विहिरीमागे पहिल्याच दिवशी पूर्ण खर्च भरायला लावला तर छोटी कंपनी सुरूच होणार नाही. याच प्रांतातल्या शाळा, हॉस्पिटलं, रस्ते याच धंद्याच्या रॉयल्टीतून झाले, शेतकऱ्यालाही पिकाच्या वाईट वर्षात लीजच्या भाड्याचा आधार झालाय. शिवाय सगळे पळून जात नाहीत. मेडिसिन हॅट शहराची स्वतःची गॅस कंपनी आहे, भाव पडल्यावर २०१९ मध्ये त्यांनी त्यातल्या बहुतेक विहिरी बंद करायचं ठरवलं आणि खर्च उचलला. अनेक मोठ्या कंपन्या दरवर्षी शेकडो जागा नीट परत करतात, त्याची बातमी होत नाही.

आणि २०२१ च्या अखेरीस ती मालमत्ता आणि देणी यांच्या गुणोत्तराची जुनी पद्धत काढून टाकली, आता कंपनीची पूर्ण आर्थिक स्थिती बघतात, दरवर्षी बंद करण्याच्या कामावर किमान किती खर्च करायचा ते ठरवून देतात.

मातीवाला

आकडेमोड, मेडिसिन हॅटचं उदाहरण उत्तम, तिथे मालक पळू शकत नव्हता कारण मालक म्हणजे गावच. नीट काम करणाऱ्या कंपन्या आहेतच, त्यांच्या जागांवर मी स्वतः कॅनोला डोक्याला लागेल इतकं वाढलेलं बघितलंय आणि कडा कुठे संपते ते ओळखू आलं नाही. पण पूर्ण खर्च पहिल्या दिवशी भरा असं माझं म्हणणं नाही. विहीर पहिल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त पिकते. त्या वर्षांत दर बॅरलमागे थोडं थोडं कोळशासारखं बंद खात्यात टाकलं असतं तर आज हा प्रश्नच नसता. विहीर थकल्यावर तिच्याकडून पैसे मागणं उशिराचं आहे. नवीन नियम चांगले आहेत, किमान खर्चाची अटही चांगली, पण कंपनी ती अट पूर्ण करताना सोप्या जागा आधी घेते आणि खारट, गळक्या जागा मागे ढकलते, हे तुम्हीही बघत असाल.

आकडेमोड

ढकलतात, हे मान्य. सोप्या दहा जागा बंद केल्या की आकडा चांगला दिसतो. दर बॅरलमागचं खातं मला पटण्यासारखं आहे, भाव वर असताना कोणी विरोधही केला नसता.

गोदाकाठ

शेती नसलेल्या जागांचं काय? जंगल, कुरण?

मातीवाला

थोडक्यात सांगतो कारण तो माझा भाग नाही. उत्तरेतल्या जंगलात पूर्वी विहीर बंद झाली की जागा गुळगुळीत सपाट करून गवत पेरायचे, हिरवं दिसायचं, सगळे खूश. पण दाट गवत आणि दबलेली माती यांत झाडाचं रोप तग धरत नाही, कित्येक जागी वर्षानुवर्षं जंगल परतलंच नाही. आता उलट करतात, माती मुद्दाम उंचसखल आणि सैल ठेवतात, वर ओंडके-फांद्या पसरतात, त्या आडोशाला रोपं येतात. दक्षिणेतलं मूळ कुरण सगळ्यात अवघड. तिथे जुन्या जागांवर क्रेस्टेड व्हीटग्रास नावाचं बाहेरून आणलेलं गवत लावलं, ते आजूबाजूच्या मूळ गवतात घुसतंय. पर्वतांच्या पायथ्याचं रफ फेस्क्यू गवत तर एकदा उखडलं की परत आणणं जवळजवळ जमलेलं नाही, त्यामुळे तिथे मुळात खणूच नका असाच सल्ला देतात.

बडोदेकर

सगळा धागा वाचला. आमची पाच पिढ्यांपासून बडोद्यात वस्ती, पादऱ्याच्या बाजूला वडिलांची जमीन आहे. तिच्या एका कोपऱ्यात गॅसची विहीर होती, कंपनीचं नाव लिहीत नाही. विहीर बंद झाली, सामान नेलं, आता जागा परत घ्या आणि कागदावर सही करा म्हणतायत. वडील खूश आहेत. मी बघून आलो, वरून माती टाकलीये, सपाट केलीये, पण एका बाजूला पाऊस पडल्यावर पाणी साचून राहतं आणि तिथे काहीच उगवत नाही, बाभूळसुद्धा नाही. आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे त्यात सगळं ठीक लिहिलंय. सही करायची का?

निवृत्त_मेहसाणा

बडोदेकर, घाई करू नका. जागा सुस्थितीत मिळाली असं वाक्य त्या कागदात असेल तर तपासणी होईपर्यंत सही नको. आधी जमीन घेतानाचा पंचनामा शोधा, त्यात पीक, झाडं, माती कशी होती ते लिहिलेलं असतं. तलाठ्याकडे किंवा कंपनीच्या भूसंपादन विभागात प्रत मिळते. मग लेखी अर्ज द्या की दोन्ही बाजूंच्या हजेरीत संयुक्त मोजणी आणि मातीचे नमुने व्हावेत. ड्रिलिंगच्या गाळाचा खड्डा नेमका कुठे होता तेही लेखी विचारा. पाणी साचतंय ती जागा तीच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आणि वडिलांना समजावा, भांडण म्हणून नाही, हक्काची गोष्ट म्हणून. अधिकारी बहुतेक वेळा चांगलं वागतात, पण कागद एकदा बंद झाला की तेही हतबल असतात.

मातीवाला

पत्रिकेवर अवलंबून राहू नका. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असतं, सोडियम नसतो. शिवाय ते नमुने वरच्या वीतभर मातीचे, आणि ती माती तर नवीन टाकलेली! तुम्ही खोलीप्रमाणे नमुने घ्या, ०-१५, १५-३०, ३०-६०, ६०-१०० सेंटिमीटर असे वेगवेगळ्या पिशव्यांत. पाणी साचतं तिथे दोन ठिकाणी, विहिरीच्या तोंडाजवळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच शेतात विहिरीपासून लांब, कधीच हात न लागलेल्या जागी. तुलना त्याच्याशी करायची, पुस्तकातल्या आकड्यांशी नाही. लॅबला सांगा विद्युतवाहकता, क्लोराइड, विनिमयक्षम सोडियम आणि तेलाचं प्रमाण हवंय. प्रत्येक खड्ड्याचा मोबाइलवर फोटो, लोकेशन चालू ठेवून.

शिरोळकर

आणि पाणी साचतंय तिथं कुदळीनं गुडघाभर खड्डा घ्या, बादलीभर पाणी ओता, किती वेळात मुरतंय बघा. तसाच खड्डा चांगल्या शेतात. चोपण असली तर या खड्ड्यातलं पाणी दुसऱ्या दिवशीपण तसंच गढूळ राहतंय. याला लॅब लागत नाही, आणि कंपनीच्या माणसासमोर केलंत तर त्यालापण डोळ्यांनी दिसतंय. कंपनी माती बदलून देते म्हणाली तर निचऱ्याचा चर काढून द्या हे आधी मागा, नाहीतर नवीन मातीपण दोन वर्षांत तशीच होईल.

बडोदेकर

सगळ्यांचे आभार. वडिलांना धागा वाचून दाखवला, शिरोळकरांच्या खड्ड्याचं त्यांना लगेच पटलं. जमीन घेतानाचा पंचनामा आमच्या जुन्या पेटीतच सापडला, त्यात त्या कोपऱ्यात तूर आणि तीन आंब्याची झाडं लिहिली आहेत. अर्ज गुजरातीत लिहून ठेवलाय. एकच शंका राहिली, नमुने आत्ता घ्यायचे की पावसाळ्यानंतर?

मातीवाला

आत्ताच, उन्हाळ्यात, मीठ वर चढलेलं असतं तेव्हा. पावसानंतर परत एकदा त्याच जागी घ्या म्हणजे मीठ खाली जातंय की नाही ते कळेल. रिपोर्ट आले की आकडे इथेच टाका, शिरोळकर आणि मी बघतो. लॅबच्या फॉर्मवर काय काय लिहायचं ते तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय.